शेजाऱ्याच्या रानातली लढाई
अमेरिकेचे अंमली पदार्थविरोधी धोरण आणि लॅटिन अमेरिका : एक तपासणी

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनने चीनशी दोन युद्धे केली, ती अफूचा व्यापार चालू राहावा म्हणून. त्या अफूचा मोठा हिस्सा माळव्यातून मुंबई बंदरात येई आणि तिथून जहाजांनी चीनकडे जाई. जुन्या मुंबईतल्या कित्येक व्यापारी पेढ्यांचे भांडवल या पेट्यांवर उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यातले सर्वांत ठळक नाव. विसाव्या शतकात दुसऱ्या एका महासत्तेने याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. १९०९ साली अमेरिकेच्या पुढाकाराने शांघायमध्ये अफूविषयक आंतरराष्ट्रीय आयोग भरला आणि तेव्हापासून अंमली पदार्थांची बंदी हा अमेरिकी परराष्ट्र धोरणाचा एक कायमचा धागा झाला. एक महासत्ता अफू विकण्यासाठी लढली, दुसरी ती थांबवण्यासाठी. हेतू परस्परविरुद्ध होते, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी राहिली : लढाईचे रान दुसऱ्याचे होते.

गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत हे रान मुख्यतः लॅटिन अमेरिकेचे आहे. मेक्सिको, कोलंबिया, बोलिव्हिया, पनामा, होंडुरास या देशांत अमेरिकेने अंमली पदार्थांविरुद्ध जे केले त्याविषयी दोन ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. पहिलीत शूर अधिकारी आणि क्रूर तस्कर असतात. चित्रपटांनी आणि मालिकांनी ती घरोघर पोचवली आहे. दुसरीत सगळे काही साम्राज्यवादाचे कारस्थान असते. पहिली गोष्ट खोटी ठरते ती तिच्या निकालांमुळे, आणि दुसरी अपुरी ठरते ती स्थानिक सत्ताधाऱ्यांना फुकट सोडून देते म्हणून. या लेखात हे धोरण त्याच्याच मापांनी मोजून पाहायचे आहे. अंमली पदार्थ कमी झाले का? सर्व देशांना एकच माप लावले गेले का? आणि या लढाईची किंमत कोणी मोजली?

तुर्कस्तानचा धडा

२१ सप्टेंबर १९६९ रोजी निक्सन सरकारने मेक्सिकोच्या सरहद्दीवर ‘ऑपरेशन इंटरसेप्ट’ सुरू केले. मेक्सिकोतून येणारे जवळजवळ प्रत्येक वाहन थांबवून तपासायचे, असा हुकूम होता. मैलोन् मैल गाड्या खोळंबल्या, भाजीपाला सडला, सरहद्दीवरच्या दोन्ही बाजूंच्या गावांचा रोजगार बुडाला. हाती लागलेला माल नगण्य होता. पण मोहिमेचा खरा उद्देश माल पकडणे हा नव्हताच. मेक्सिकोने आपल्या शेतांवर विषारी फवारणी करावी, ही अमेरिकेची मागणी तो देश मान्य करत नव्हता. त्याचे नाक दाबायचे होते. तीन आठवड्यांच्या आत मेक्सिको वाटाघाटींना आला आणि मोहिमेचे नाव बदलून ‘ऑपरेशन को-ऑपरेशन’ झाले. सहकार्य हा शब्द या धोरणाच्या कोशात कसा शिरला, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९७१च्या जूनमध्ये निक्सन यांनी अंमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले. त्याच महिन्यात तुर्कस्तानने अमेरिकेच्या दडपणाखाली अफूच्या लागवडीवर बंदी जाहीर केली. तेव्हा अमेरिकेत येणारे बरेचसे हेरॉइन तुर्की अफूपासून फ्रान्समधल्या मार्सेच्या गुप्त प्रयोगशाळांत बनत असे. बंदीनंतर ती साखळी तुटली आणि विजयाचे नगारे वाजले. मात्र दोन-तीन वर्षांतच मेक्सिकोतल्या सिनालोआच्या डोंगरात पिकलेल्या अफूच्या तपकिरी हेरॉइनने अमेरिकेची बहुतेक बाजारपेठ व्यापली. मग मेक्सिकोत सैन्य उतरवून, हेलिकॉप्टरांतून फवारणी करून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑपरेशन कॉन्डोर’ झाले. शेते जळाली, खेडी रिकामी झाली. बडे तस्कर मात्र सिनालोआ सोडून ग्वादालाहारा शहरात राहायला गेले आणि तिथे पूर्वीपेक्षा जास्त संघटित झाले. मारिजुआनाचा धंदा कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्याकडे सरकला. पुढे ऐंशीच्या दशकात फ्लोरिडाच्या समुद्रात पहारा वाढला, तेव्हा कोकेनची वाट मेक्सिकोतून वळली. लॅटिन अमेरिकेत याला फुग्याचा परिणाम म्हणतात : एका बाजूने दाबले की फुगा दुसरीकडे फुगतो, आतली हवा तेवढीच राहते. ती हवा म्हणजे अमेरिकेतली मागणी.

तुर्कस्तानच्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. १९७४ मध्ये तिथल्या नव्या सरकारने बंदी उठवली. अमेरिकेचा जळफळाट झाला. पण तुर्कस्तान नाटोचा सभासद होता, त्याच्या भूमीवर अमेरिकेचे तळ होते. तडजोड निघाली. शेतकऱ्याने बोंडाला चिरा देऊन चीक गोळा करायचा नाही, वाळलेली बोंडेच सरकारला विकायची, आणि त्यांतून कारखान्यात औषधांसाठी मॉर्फिन काढायचे. चोरट्या बाजाराला लागणारी गळती जवळजवळ थांबली, आणि शेतकरीही जगला.

यापुढचा दुवा आपल्याकडे येतो. १९८१ साली अमेरिकेने नियम केला की, औषधांसाठी लागणाऱ्या अफूजन्य कच्च्या मालाच्या आयातीपैकी किमान ८० टक्के माल भारत आणि तुर्कस्तान या दोन पारंपरिक उत्पादकांकडून यावा. मंदसौर, नीमच, चितोडगड भागातला शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतो आणि ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या देखरेखीखाली ती तोलून देतो. गळती इथेही होते, परवाने रद्द होतात, तस्करीचे खटले चालतात. हा काही स्वर्ग नव्हे. पण मुद्दा असा की, ज्या माळव्यातून एके काळी चीनला अफू जात होती, त्याच माळव्यातली अफू आज कायदेशीर औषध आहे. आणि तेच रोप मेक्सिकोच्या गेरेरो प्रांतातल्या डोंगरउतारावर उगवले की ते सैनिकांनी उपटायचे पीक ठरते. रोप एकच. त्याचा न्याय वनस्पतिशास्त्र करत नाही. ते पिकवणाऱ्या देशाचे वॉशिंग्टनमधले वजन करते.

वार्षिक परीक्षा

फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी संस्थेचा, म्हणजे डीईएचा, अधिकारी एन्रिके कामारेना याचे ग्वादालाहारात अपहरण झाले. त्याचे हाल करून त्याला मारण्यात आले. तपासात मेक्सिकोचे पोलिस अधिकारी तस्करांचे पगारी नोकर असल्याचे उघड झाले. या संतापातून आणि अमेरिकेत पसरलेल्या क्रॅक कोकेनच्या भीतीतून १९८६चा कायदा आला. अध्यक्षांनी दर वर्षी अंमली पदार्थांचे उत्पादन वा वाहतूक होणाऱ्या देशांची यादी करायची, आणि कोणी पुरेसे सहकार्य केले याचे प्रमाणपत्र द्यायचे. नापास देशाची बरीचशी मदत बंद होई आणि जागतिक बँकेसारख्या संस्थांत त्याच्या कर्जाविरुद्ध अमेरिका मत देई. २००२ मध्ये नियम थोडा सैल झाला. ‘उघडपणे अपयशी’ देशच आता नापास होतात. भारताचे नावही या यादीत आहे. त्यासाठी कायद्यात भूगोलाचे आणि व्यापाराचे कारण पुरेसे मानले आहे.

परीक्षा घ्यायला हरकत नसावी. पण पेपर कसे तपासले जातात ते पाहावे. १९९६ आणि १९९७ अशी दोन वर्षे कोलंबिया नापास झाला. अध्यक्ष एर्नेस्तो साम्पेर यांच्या निवडणुकीत काली टोळीचा पैसा आल्याचा आरोप होता, आणि अमेरिकेने त्यांचा व्हिसाही रद्द केला. त्याच १९९७ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या अंमली पदार्थविरोधी मोहिमेचा प्रमुख, जनरल हेसुस गुतिएरेस रेबोयो, तस्करांच्याच पगारावर असल्याबद्दल पकडला गेला. काही आठवड्यांपूर्वी अमेरिकेच्या अंमली पदार्थ नियंत्रणाच्या प्रमुखांनी त्याच्या प्रामाणिकपणाची जाहीर स्तुती केली होती. एवढे होऊन मेक्सिको उत्तीर्ण! कारण सरळ होते. १९९४ पासून उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात होता, मेक्सिकोचे चलन कोसळल्यावर अमेरिकेनेच त्याला सावरले होते, आणि त्याला नापास केले असते तर वॉल स्ट्रीट हादरला असता. कोलंबियाला नापास करणे स्वस्त पडत होते.

या परीक्षेतला मूळ दोष आणखी खोल आहे. जगातली अंमली पदार्थांची सर्वांत मोठी बाजारपेठ जिथे आहे, तो देश परीक्षक आहे. विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. १९९९ मध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने सर्वांनी सर्वांचे मूल्यमापन करायची वेगळी पद्धत सुरू केली, ती या एकतर्फीपणावरचा उतारा म्हणूनच. ती पद्धत चालू आहे. पण वॉशिंग्टनची वार्षिक यादीही चालूच आहे. २०२५ च्या सप्टेंबरात कोलंबियाला पुन्हा नापासांच्या रांगेत बसवण्यात आले, आणि राष्ट्रहिताचे कारण देऊन मदत मात्र चालू ठेवण्यात आली.

मित्रांची माफी

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण मराठीत घरगुती प्रसंगी वापरतात. परराष्ट्र धोरणात तिचे उदाहरण शोधायचे तर मानुएल नोरिएगा याचे नाव प्रथम येईल. पनामाचा हा लष्करशहा अनेक वर्षे सीआयएच्या पगारावर होता. तस्करांशी त्याचे साटेलोटे असल्याच्या बातम्या वॉशिंग्टनमध्ये पोचत होत्या. तरीही डीईएकडून त्याला सहकार्याबद्दल प्रशंसापत्रे मिळत होती. निकाराग्वातल्या डाव्या सरकारविरुद्धच्या छुप्या युद्धात त्याचा उपयोग होता. उपयोग संपला, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये त्याच्यावर फ्लोरिडात आरोपपत्र दाखल झाले. २० डिसेंबर १९८९ रोजी अमेरिकी फौजा पनामात उतरल्या. एल चोरियो नावाची गरिबांची लाकडी घरांची वस्ती त्यात जळून गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७५ विरुद्ध २० मतांनी या आक्रमणाचा निषेध केला. नोरिएगाला ४० वर्षांची शिक्षा झाली. पनामातून होणारी तस्करी आणि तिथल्या बँकांतला काळा पैसा मात्र थांबला नाही.

एप्रिल १९९० मध्ये आणखी एक पायरी ओलांडली गेली. कामारेना प्रकरणातला संशयित डॉक्टर उंबेर्तो आल्वारेस माचाइन याला ग्वादालाहारातून उचलून, डीईएच्या संमतीने, टेक्सासमध्ये आणले गेले. दोन देशांत प्रत्यार्पणाचा करार असताना हे अपहरण कायदेशीर कसे? १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की, आरोपीला कसे आणले याने खटला चालवण्याचा अधिकार जात नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस खालच्या न्यायालयाने पुराव्याअभावी त्याला निर्दोष सोडले.

हे जुने झाले म्हणावे, तर नवे दाखले हजर आहेत. २००६ ते २०१२ या काळात मेक्सिकोचा सुरक्षामंत्री हेनारो गार्सिया लुना हा अमेरिकेचा सर्वांत जवळचा सहकारी होता; मेरिदा कराराखालची मदत त्याच्याच खात्यामार्फत राबत होती. २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात त्याला सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवले गेले आणि २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक शिक्षा झाली. होंडुरासचे अध्यक्ष हुआन ओर्लांदो एर्नान्देस यांची २०१७ मधली वादग्रस्त फेरनिवड अमेरिकेने मान्य केली होती. सत्ता गेल्यावर त्यांचे प्रत्यार्पण झाले आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कला कोकेन तस्करीसाठी ४५ वर्षांची शिक्षा झाली. या खटल्यांचे श्रेय अमेरिकी न्यायालयांना द्यायलाच हवे. त्यांच्या देशांत ते चालले नसते. पण प्रत्येक वेळी न्याय आला तो उपयोग संपल्यानंतर, हा क्रम योगायोगाचा वाटत नाही.

कोलंबियाचा हिशेब

या धोरणाच्या बाजूने जे सर्वांत चांगले म्हणता येईल ते कोलंबियाविषयी म्हणता येते, म्हणून तो हिशेब काळजीने मांडला पाहिजे.

ऐंशीच्या दशकात कोलंबियात तस्करांनी राज्यसंस्थेवरच चाल केली. १९८६ मध्ये ‘एल एस्पेक्तादोर’ या वृत्तपत्राचे संपादक गिएर्मो कानो यांचा खून झाला. १९८९ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार लुइस कार्लोस गालान भर सभेत मारले गेले. न्यायाधीश, पोलिस, पत्रकार यांच्या हत्यांची गणती नव्हती. या माणसांना अमेरिकेने पढवून उभे केले नव्हते; ते आपल्या देशासाठी उभे राहिले होते, आणि त्यांना मदतीची गरज होती. साम्राज्यवादाची एकरंगी गोष्ट सांगणारे या नावांवरून घाईने पुढे जातात.

२००० साली क्लिंटन सरकारने ‘प्लॅन कोलंबिया’साठी सुमारे १.३ अब्ज डॉलर मंजूर केले. पुढच्या पंधरा वर्षांत हा आकडा १० अब्ज डॉलरच्या घरात गेला. त्यातून सैन्य सुधारले, अपहरणे आणि खून लक्षणीय घटले, सरकारचा अंमल दूरच्या भागांत पोचला. २०१६ च्या शांतता करारामागे या बदललेल्या बलाबलाचा वाटा होता, हे अमान्य करता येणार नाही.

पण योजनेचे जाहीर उद्दिष्ट अंमली पदार्थांचे उत्पादन सहा वर्षांत निम्मे करणे हे होते. अमेरिकी काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये नोंदवले की, सुरक्षा सुधारली, अंमली पदार्थांचे उद्दिष्ट गाठले गेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २००० मध्ये कोलंबियात सुमारे १ लाख ६३ हजार हेक्टरांवर कोका होता. २०१३ मध्ये तो ४८ हजार हेक्टरांपर्यंत उतरला. २०२३ मध्ये २ लाख ५३ हजार हेक्टर झाला. मधल्या उताराचा फोटो काढून यश दाखवता येते, पण चित्रपट पूर्ण पाहिला तर शेवट सुरुवातीपेक्षा वाईट आहे.

किंमत कोणी मोजली? विमानांतून ग्लायफोसेटची फवारणी झाली ती कोकाबरोबर केळी, युका आणि मक्यावरही पडली. शेजारच्या इक्वाडोरने याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. २०१३ मध्ये कोलंबियाने १.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट बहुधा कर्ककारक असल्याचे म्हटल्यावर फवारणी थांबली. त्याहून भयंकर हिशेब माणसांचा आहे. शत्रूचे किती मुडदे पाडले यावर बढत्या आणि बक्षिसे ठरू लागली, तेव्हा सैनिकांनी गरीब, बेकार तरुणांना कामाचे आमिष दाखवून नेले, मारले आणि बंडखोरांचे कपडे चढवून मोजणीत धरले. कोलंबियाच्या विशेष शांतता न्यायालयाने २००२ ते २००८ या काळातल्या अशा बळींची संख्या ६,४०२ ठरवली आहे. ही हत्या वॉशिंग्टनने सांगितली नव्हती. पण ज्या सैन्यात ती झाली त्याला पैसा, हेलिकॉप्टरे आणि प्रशिक्षण तेच देत होते, आणि मानवी हक्क मोडणाऱ्या तुकड्यांना मदत द्यायची नाही असा अमेरिकेचा स्वतःचा कायदा होता.

भांग आणि कोका

बोलिव्हियाची गोष्ट भारतीय वाचकाला जवळची वाटावी. अँडीज पर्वतातले लोक शेकडो वर्षे कोकाची पाने गालात धरून चघळतात. त्याने भूक, थकवा आणि उंचीवरचा त्रास कमी होतो. पूजेत, सोयरिकीत, मयतात ही पाने लागतात. पानापासून कोकेनपर्यंतचा प्रवास रसायनांचा आणि कारखान्याचा आहे. तरी १९६१ च्या संयुक्त राष्ट्र करारात कोकाचे पान बंदीच्या यादीत गेले, आणि ते चघळण्याची प्रथा २५ वर्षांत संपवण्याचे बंधन आले. त्याच कराराच्या वाटाघाटींत भारताने भांगेबद्दल हरकत घेतली होती, आणि गांजाच्या व्याख्येतून शेंड्याविना असलेली पाने वगळली गेली. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही तीच सवलत आहे. म्हणून महाशिवरात्रीची भांग आणि गांजाची चिलीम यांना कायदा वेगळे मानतो. वाटाघाटींच्या टेबलावर ज्याचा आवाज होता त्याची पाने वाचली; अँडीजच्या आदिवासी शेतकऱ्याचा आवाज तिथे नव्हता. कोकातले उत्तेजक द्रव्य काढून टाकल्यावर पान स्वादासाठी वापरायला मात्र करारात मुभा आहे, आणि त्या मुभेचा लाभ एका जगप्रसिद्ध अमेरिकी शीतपेयाला मिळाला.

अमेरिकेच्या आग्रहाखाली १९८८ चा कडक कायदा आणि १९९८ ची कोका उपटण्याची मोहीम झाली. चापारे भागात सैनिक आणि शेतकरी यांच्या चकमकींत माणसे मेली. त्या संघर्षातून कोका शेतकऱ्यांचा पुढारी एव्हो मोरालेस वर आला आणि २००५ च्या अखेरीस अध्यक्ष म्हणून निवडून आला. २००८ मध्ये त्याने आधी अमेरिकेच्या राजदूताला आणि मग डीईएला देशाबाहेर काढले. त्याच्या राजवटीत प्रत्येक नोंदणीकृत कुटुंबाला साधारण चाळीस मीटर बाय चाळीस मीटर एवढ्या तुकड्यात कोका लावायची मुभा आणि त्यावर शेतकरी संघटनांचीच देखरेख, अशी पद्धत रुळली. बोलिव्हिया १९६१ च्या करारातून बाहेर पडला आणि २०१३ मध्ये पान चघळण्याचा हक्क राखून पुन्हा आत आला. ते रोखायला सभासदांपैकी एक तृतीयांशांची हरकत लागत होती; अमेरिकेसह १५ देशांनीच ती घेतली. चापारेत सगळे आलबेल आहे असे नाही. तिथला बराच कोका चोरट्या बाजारात जातो आणि मोरालेस यांच्या राजकारणातही टीकेला भरपूर जागा आहे. पण सैनिकाऐवजी संघटनेने मोजणी केली तर रक्त सांडत नाही, एवढे तरी या प्रयोगाने दाखवले.

जे तपासले जात नाही

आता सरहद्दीच्या दुसऱ्या बाजूला वळू. मेक्सिकोत सामान्य नागरिकाला कायदेशीर बंदूक घ्यायची तर सैन्याच्या ताब्यातल्या दुकानात जावे लागते. तरीही तस्करांकडे बंदुकांचा तुटवडा नाही. मेक्सिकोत पकडलेल्या आणि माग काढण्यासाठी अमेरिकेकडे दिलेल्या बंदुकांपैकी सुमारे ७० टक्के बंदुका अमेरिकेतून आलेल्या आढळतात. डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्ष काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवले. २००७ मध्ये मेक्सिकोत सुमारे ८,९०० खून झाले होते, २०११ मध्ये २७ हजारांहून अधिक. बेपत्ता माणसांची अधिकृत नोंद २०२२ मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. त्यांच्या आया हातात फावडी घेऊन माळरानांवर हाडे शोधत फिरतात. मेक्सिकोने बंदूक कंपन्यांवर अमेरिकेत दावा लावला, तो जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. २००५ च्या कायद्याने या कंपन्यांना संरक्षण आहे.

बँकांचे तसेच. डिसेंबर २०१२ मध्ये एचएसबीसीने मेक्सिकन आणि कोलंबियन टोळ्यांचे किमान ८८ कोटी डॉलर आपल्या खात्यांतून धुऊन निघू दिल्याचे मान्य केले आणि सुमारे १.९ अब्ज डॉलर भरले. एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. चापारेतल्या शेतकऱ्याला ही सोय नव्हती.

आणि औषध कंपन्या. अमेरिकेतली आजची ओपिऑइडची साथ सिनालोआत सुरू झाली नाही. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकल्या गेल्या. तिची उत्पादक पर्ड्यू कंपनी २००७ आणि २०२० अशी दोनदा गुन्हा कबूल करून बसली. गोळ्यांवर निर्बंध आल्यावर सवय लागलेले लोक हेरॉइनकडे आणि मग फेंटानिलकडे गेले. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत दर वर्षी एक लाखाहून अधिक अमेरिकी माणसे अतिसेवनाने मेली. हे दुःख खरे आहे, आणि मेक्सिकोतल्या टोळ्यांनी त्यावर धंदा केला हेही खरे आहे. पण फेंटानिलच्या तस्करीसाठी अमेरिकेत शिक्षा झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक अमेरिकेचेच नागरिक आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही गत आहे. गंमत अशी की, फेंटानिल कारखान्यात बनते, त्याला शेत लागत नाही. ते आल्यावर गेरेरोमधल्या अफूचा भाव कोसळला आणि जे पन्नास वर्षांच्या फवारणीने झाले नाही ते बाजाराने करून टाकले. शेतकरी मात्र दोन्ही वेळा मेला.

दोन नावा

११ मे २०१२ रोजी रात्री होंडुरासच्या आवास गावाजवळ पातुका नदीत एक प्रवासी नाव चालली होती. डीईएचे अधिकारी आणि होंडुरासचे पोलिस कोकेनच्या मागावर होते. हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला आणि चार गावकरी मेले. डीईएने सांगितले की नावेतून आधी गोळ्या आल्या. अमेरिकेच्या न्याय आणि परराष्ट्र खात्यांच्या महानिरीक्षकांनी २०१७ मध्ये संयुक्त अहवाल दिला : नावेतून गोळीबार झाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि डीईएने काँग्रेसला चुकीची माहिती दिली. पाच वर्षांनी का होईना, अमेरिकेच्याच संस्थांनी अमेरिकेला खोटे ठरवले. लोकशाहीची ही ताकद मान्य केली पाहिजे.

२ सप्टेंबर २०२५ रोजी कॅरिबियन समुद्रात अमेरिकी सैन्याने एक नाव उडवली. ती व्हेनेझुएलातून अंमली पदार्थ घेऊन निघाल्याचे आणि ११ जण ठार झाल्याचे अध्यक्ष ट्रम्प यांनी स्वतः जाहीर केले. आधी फेब्रुवारीत काही टोळ्यांना दहशतवादी संघटना ठरवण्यात आले होते, त्याचा हा आधार. ना अटक, ना जप्ती, ना खटला. नावेत काय होते याचा पुरावा लोकांपुढे ठेवला गेला नाही. आणि नाव समुद्रतळाशी गेल्यावर तो तपासणार कोण? आवासच्या वेळी निदान खोटे सांगावे लागले होते. आता खुलासा देण्याचीही गरज वाटेनाशी झाली आहे. पन्नास वर्षांपूर्वी गाड्यांच्या डिक्या तपासण्यापासून निघालेले धोरण इथे येऊन पोचले आहे.

मग करायचे काय, हा प्रश्न टीकाकाराला टाळता येत नाही. उत्तर नवे नाही. २००९ मध्ये ब्राझीलचे कार्दोसो, कोलंबियाचे गाविरिया आणि मेक्सिकोचे सेदियो या तीन माजी अध्यक्षांनी लॅटिन अमेरिकी आयोगातर्फे सांगितले की हे युद्ध अयशस्वी झाले आहे. व्यसनाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहा. यातल्या गाविरियांच्या कारकिर्दीत पाब्लो एस्कोबार मारला गेला, सेदियोंच्या कारकिर्दीत तो बदनाम जनरल पकडला गेला. म्हणजे ही मते आरामखुर्चीतली नव्हेत. तुर्कस्तानला जे परवान्याचे शेत मिळाले ते इतरांना का नको? परीक्षा घ्यायचीच तर बंदुका, बँका आणि रसायने यांचेही पेपर ठेवावेत, आणि परीक्षकाने स्वतः बाकावर बसावे. शेजारी देशांनीही आपल्या पोलिसांचे आणि पुढाऱ्यांचे हिशेब आपल्याच न्यायालयांत मांडावेत. ते काम ब्रुकलिनवर सोपवून सुटका नाही.

अफूयुद्धांबद्दल आज ब्रिटनमध्येही कोणी अभिमानाने बोलत नाही. त्या काळी मात्र मुक्त व्यापार हा शब्द इतका उजळ वाटत होता की त्याखाली कँटनची माणसे दिसेनाशी झाली. आज अंमली पदार्थांविरुद्धचे युद्ध हा शब्द तसाच उजळ आहे. त्याखाली एल चोरियोची जळकी घरे आहेत, कोलंबियातले ६,४०२ तरुण आहेत, पातुका नदीतले चार गावकरी आहेत. या धोरणावर दर वर्षी निघणाऱ्या अहवालांत हेक्टर, टन आणि डॉलर यांचे रकाने असतात. या माणसांसाठी त्यात रकाना पडेपर्यंत यश आणि अपयश हे शब्द त्या अहवालांत जपून वाचावे लागतील.